बॅटरी चालू होती

चूक माझी होती. आज हे लिहायला मला काहीच जड जात नाही, कारण आता लिहून माझं काही बिघडणार नाही. ज्या दिवसांत बिघडलं असतं, त्या दिवसांत मी गप्प बसलो.

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. राहायला डहाणूला. २०१८ च्या अखेरीला भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि थांबायचं नाव घेईनात. लोक घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागले. आम्ही शिक्षकांनी ठरवलं, घरटी एक चार्जिंगची एलईडी बॅटरी द्यायची. कोणती घ्यायची ते माझ्यावर सोपवलं, कारण मी विज्ञान शिकवायचो.

डहाणू रोडच्या एका दुकानातून नमुन्याच्या दोन सारख्या बॅटऱ्या आणल्या. खोक्यावर लिहिलेलं होतं, रात्रभर उजेड. मी म्हटलं, तपासल्याशिवाय घेणार नाही. रविवारी सकाळी घरातल्या कोठीच्या खोलीची खिडकी बंद केली, एक बॅटरी लावली आणि तिच्या उजेडात उत्तरपत्रिका तपासत बसलो. जेवायलासुद्धा ताट आत मागवलं.

दुपारी बायको गच्चीवर चिकूच्या चकत्या वाळत घालून आत आली आणि दारातच अडखळली.

"अहो, अंधारात काय बसलाय?"

"अंधार कुठे? बॅटरी चालू आहे की."

"चालू असेल. मला माझे पाय दिसत नाहीयेत."

"तू उन्हातून आलीस. उन्हात डोळ्याची बाहुली बारीक होते, त्यामुळे..."

"झालं, भरली शाळा," ती म्हणाली आणि चाचपडत डबा घेऊन गेली.

मी सांगितलं ते शास्त्र खरंच होतं. फक्त ते मी माझ्या डोळ्यांना लावून पाहिलं नाही. सकाळपासून उजेड हळूहळू उतरत होता आणि माझे डोळे त्याच्याबरोबर सरावत होते. नाकासमोरचा कागद वाचता येत होता, म्हणून मी खूश. संध्याकाळी बॅटरी अजून पेटलेलीच होती. पास.

वाटप करताना मी छाती फुगवून सांगितलं, "रात्रभर लावून ठेवा, काही होत नाही. मी स्वतः तपासली आहे."

शाळेत पोरांचं जेवण शिजवणाऱ्या मावशी त्याच पाड्यावर राहायच्या. नवरा नव्हता, पदरात एक मुलगी. शाळेच्या चुलीजवळचं ते काम हाच त्यांचा आधार. त्यांनी माझं ऐकलं आणि बॅटरी रोज तिन्हीसांजेपासून ताडपत्रीला टांगून ठेवू लागल्या. एका पहाटे मोठा धक्का बसला. घरात बांधलेल्या शेळ्या ओरडू लागल्या, तशा मावशी बॅटरी घेऊन आत धावल्या. भिंतीच्या विटा उंबऱ्यात पडल्या होत्या. त्यांना त्या दिसल्या नाहीत. उजवा हात मनगटातून मोडला.

शेजारी धावत आले, तेव्हा बॅटरी त्यांच्या बाजूला पडलेली होती. चालू. तेच त्यांना भोवलं.

"हातात पेटलेली बॅटरी असून पडली?" लोक म्हणू लागले. "ताडी घेतली असणार."

मला चैन पडेना. घरी नमुन्याची ती बॅटरी पुन्हा चार्ज केली आणि संध्याकाळपासून लावून ठेवली. पहाटे ती गच्चीवर नेली, शेजारी दुसरी, न वापरलेली लावली. दुसरीचा झोत समोरच्या नारळाच्या शेंड्यापर्यंत गेला. पहिलीची काच तेवढी पिवळट दिसत होती. खाली फरशीवर तिचा उजेड पडतच नव्हता. मागे बायको येऊन उभी होती. टोचून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक होती. मावशींचा हात बरा होईपर्यंत थांबायचं की नवी बाई घ्यायची, एवढाच विषय. अध्यक्ष म्हणाले, "हाताचं राहू द्या, गुरुजी. पोरांच्या जेवणापाशी पिणारी बाई नको. का तुमची बॅटरीच खराब होती?"

सगळे हसले. मीही हसलो.

"बॅटरी मी तपासली होती," मी म्हणालो. शब्दशः खरं. मावशी व्हरांड्यात हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलंच नाही. नवी बाई ठरली.

बाकीच्या घरांना मात्र मी दुसऱ्या दिवशी सांगत फिरलो, रात्रभर लावू नका, सेल लवकर जातात. का, ते सांगितलं नाही. मावशींच्या दारावरून तसाच पुढे गेलो.

मावशी मुलीला घेऊन बोर्डीकडच्या वाडीत चिकू वेचायच्या कामाला जाऊ लागल्या. मनगट वाकडं जुळलं होतं. मोठं टोपलं उचलता येत नाही म्हणून तिथेही त्यांना निम्म्या दिवसांनाच बोलवत. हे मला त्यांच्या मुलीकडून वर्गात कळलं. मग मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, गुरुजी?"

"बैठकीच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे बसला होतात तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"मग इथं माझ्या कानात काय सांगता? ताडी प्याली असं चारचौघांत झालं. तिथंच बोला."

मी पालकसभेपर्यंत वेळ काढला. त्या दिवशी पाड्यावरची बहुतेक घरं आली होती. नवी बाई दारात उभी होती. तिच्या नेमणुकीबद्दल कोणी काही विचारणार नव्हतं आणि मावशींना ते काम परत मिळणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. त्या शेवटच्या ओळीत बसल्या होत्या. मी उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, "बोला गुरुजी, भाषण आहे का?"

"मावशी प्यायल्या नव्हत्या," मी म्हणालो. "बॅटरी मंद झाली होती, त्यांना समोरचं दिसलं नाही. मी ती चुकीच्या रीतीने तपासली आणि बैठकीत हे ठाऊक असूनही बोललो नाही. त्यांचं काम माझ्यामुळे गेलं. मावशी, मला माफ करा."