दार कोणासाठी

संशय घ्यायला मला फारसं काही लागत नाही. घरचे म्हणतात, मी ताजं दूधही दोनदा हुंगते. त्यामुळे गोंदियातल्या ज्या राईस मिलचं कॉम्प्युटरचं काम मी बघते, तिच्या ऑर्डरी बाहेर फुटू लागल्या, तेव्हा मी सरळ तिथल्या कॉम्प्युटर ऑपरेटर काकांवर नजर ठेवली. मिलचा तांदूळ कुठे जाणार हे दलालांना आधीच कळायचं, आणि ऑर्डरींची यादी काकांच्याच कॉम्प्युटरवर असायची. शिवाय आलेल्या दलालाला ते चहाबरोबर वायफायचा पासवर्डही देत. आमच्याकडे पाहुणचार असाच असतो, पण मला त्यातही काळंबेरं दिसलं.

मी मिलमालक शेटजींच्या कानावर घातलं. त्यांनी काकांना खुर्चीवरून उठवून वजनकाट्यावर ट्रक मोजायला बसवलं. जाताना काका माझ्याजवळ थांबले.

"मी कोनाले काही सांगतलो नाही, मॅडम. माह्यावरच काऊन शक घेऊन राहिल्या?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हटलं.

मिलचं सॉफ्टवेअर माझं. ऑर्डरी, काटा, गोदाम, प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या वेगळ्या खोलीत बंद, आणि प्रत्येकाला पोर्ट, म्हणजे नंबर असलेलं दार. कोणतं दार कसं उघडायचं ते एका फाइलमध्ये लिहिलेलं, आणि ती फाइल वाचणारा प्रोग्रामही माझाच. ऑर्डरींच्या ओळीत तीन भाग होते: पत्ता, बाहेरचं दार, आतलं दार. पत्ता फक्त काकांच्या कॉम्प्युटरचा दिला होता, म्हणजे ते दार दुसरीकडून उघडणार नव्हतं; म्हणून मी त्याला पासवर्ड ठेवलाच नव्हता.

पंधरा दिवसांनी यादी पुन्हा फुटली. आता खुर्चीवर शेटजी स्वतः बसत होते. मी दलालांच्या बाकावर जाऊन बसले, मिलचं वायफाय लावलं आणि मोबाइलवर ते दार उघडून पाहिलं. सगळ्या ऑर्डरी समोर आल्या.

तिथेच कोड काढला. माझा प्रोग्राम ओळीतले शेवटचे दोन आकडे घेत होता आणि पत्ता टाकून देत होता. पत्ता नसला की दार सगळ्यांसाठी उघडं. बाकीच्या ओळींत दोनच भाग होते, म्हणून चूक कधी दिसलीच नाही. मला फार लाज वाटली.

शेटजींसमोर मी काकांची माफी मागितली. ते खुर्चीवर परत आले, माझ्यासाठी चहाही सांगितला. पण आता मी केबिनमध्ये शिरले की ते कीबोर्ड बाजूला सारतात, आणि मी निघेपर्यंत दोन्ही हात टेबलावर, मला दिसतील असे ठेवतात.