ताईचे नऊ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी उकव्याच्या बसमध्ये होते. पुढच्या ट्रकच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे करून मोठ्यातून लहान वजा करत होते... ही खोड ताईनेच लावलेली. कोणतेही दोन आकडे घ्या, उत्तराला नऊने भाग जाणारच. "नऊ लपून बसते, पन निंगतेच," ती म्हणायची. मी खिडकीला डोकं टेकून ढसाढसा रडले.

कुसुमताई माझी थोरली बहीण. बालाघाटच्या आमच्या घरी, मागच्या पडवीतल्या पाटीवर, ती आकड्यांची कोडी रचायची. वॉर्डातली पोरं सोडवायला बसत. उत्तर ती मेली तरी सांगत नसे. "अंदाज नोको मारू. कोनता आकडा बसूच शकत नाई, ते सांग पयले."

त्याच पोरांतला एक पुढे क्लासवाला सर झाला आणि ताईची कोडी पेपरच्या या रविवार पुरवणीत स्वतःच्या नावावर छापू लागला. ताईने त्याला बोलावून विचारलं, "काहून रे, माहं नाव काहून नाई टाकलं?" तर निर्लज्ज हसला. "बाई, आंकडे क्या किसी की जागीर हैं?" ताई पाटी पुसून पुढचं कोडं रचू लागली. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

पुण्यानुमोदनाला हा हजर! ताईच्या फोटोला फूल वाहिलं आणि पडवीत मला गाठून म्हणतो कसा, "मावशी, बाईचं एखांदं शेवटचं कोडं असंन तर द्या न." अरे, मेल्यावर तरी सोड तिला! पाटीवर ताईच्या अक्षरात होतं: दोन आकडी संख्या, आकड्यांची बेरीज दहा, उलटी केली की अठराने वाढते. मी ते कागदावर उतरवलं... आणि अठराच्या जागी वीस लिहिलं.

"हौ, घेऊन जा," म्हटलं.

गेल्या रविवारी ते इथेच छापून आलं. नाव त्याचं, खाली 'उत्तर पुढच्या रविवारी'. वीसला नऊने भाग जात नाही, म्हणजे अशी संख्याच नाही. ताईच्या पडवीतल्या सगळ्यात लहान पोरानेही पकडलं असतं. यानं सोडवूनही पाहिलं नाही. हौ, मी बदला घेतला, आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही.

पाटी मी पुसलेली नाही. ताईचा अठरा तिथेच आहे, शेजारी खडूचा तुकडा. सर, आज उत्तराचा रविवार. नाही सापडलं तर पडवीत या, पाटीसमोर मांडी घालून बसा. उत्तर मी सांगेन. आधी तुम्ही सांगा, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं... हे कोडं कोणाचं?