माझ्या गाडीचा मागचा शॉक

ट्रायल्सची, म्हणजे दगडधोंड्यांवरून तोल सांभाळत चालवायच्या स्पर्धेची, माझी मोटारसायकल सर्व्हिसिंगहून आणली आणि फुटरेस्टवर उभी राहून पाहिलं, तर मागचा भाग जेमतेम एक बोट दबला. आधी तीन बोटं दबायचा. रविवारी टेकडीवर स्पर्धा होती, आणि इतक्या कडक शॉक अॅब्सॉर्बरवर मागचं चाक दगडाला धरून राहत नाही, उडतं. मेकॅनिकनं माझा शॉक काढून दुसराच बसवला, याची मला खात्री वाटली.

हडपसरच्या ऑफिसातून सुटताच गाडी घेऊन शनिवार पेठेत त्याच्या गॅरेजवर गेले.

"माझा शॉक कुठे आहे?"

"हा काय मॅडम, गाडीलाच आहे."

ग्रीस पुसून शॉकवरचा नंबर वाचला. तो मी वहीत लिहून ठेवलेलाच होता. वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतची लांबीही टेपनं जुळली. फक्त स्प्रिंगवरची, तिला दाबून कडक करणारी चकती बरीच खाली आवळलेली होती.

"ही कोणी आवळली?"

"मीच. चालवणार तुमचे साहेब, त्यांचं वजन जास्त असणार ना."

"साहेबांना सायकलसुद्धा येत नाही."

तो पाना घेऊन बसला. चकती सैल केल्यावर त्यानं हँडल धरलं, मी फुटरेस्टवर उभी राहिले. मागचा भाग किती दबतो ते मोजायला टेप मात्र शेजारच्या दुकानदाराच्या हातात दिली.