वाडीचा नंबर

लोणावळ्यात मी संशोधकांना जनगणनेचे आणि सर्वेक्षणांचे आकडे शोधून देतो. एकदा कान्हे गावाच्या वरच्या वाडीतली एक मुलगी आली. ओढणीला हात पुसून मगच तिनं कीबोर्डला बोट लावलं. प्रबंधासाठी तिला फक्त आपल्या वाडीतल्या पाण्याचे आकडे हवे होते.

"वाडी वेगळी दाखवत नाहीत," मी म्हणालो. "ती गावातच धरतात."

"म्हंजे आमी गावाच्या पोटात! गावचा नळ आकड्यात आमालाबी आला," ती हसली. "ऱ्हाऊ द्या, मीच घरोघर फिरते. कुनी आमची वाडी शोधत आलं, तर माज्याकडं पाठवा."

नंबर देऊन ती गेली. नाव विचारायचं राहिलं, म्हणून तो वाडीच्याच नावानं सेव्ह केला.

परवा एकानं तीच वाडी विचारली. संगणकावर नव्हती. माझ्या फोनमध्ये सापडली.