गाळलेली अडीच पानं

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेली होते. चार दिवसांपूर्वी माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी त्यांना मेलवर पाठवलं होतं आणि त्यांचं उत्तर आलं होतं एका ओळीचं. 'हे सोनीबाईंना वाचून दाखवलं का?' बस. पन्नास पानांबद्दल चांगलं नाही की वाईट नाही. मी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं आणि हैदराबादच्या होस्टेलात धुमसत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी मनीषचा फोन आला. मनीष राळेगावचा, बी.ए.ला माझ्याच वर्गात होता. "सर गेले वो," तो म्हणाला, "झोपीतच..." आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता मला कुणी अडवणार नाही, असा होता.

आडे सर आम्हाला यवतमाळच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यातले, डॉक्टरेट मिळवणारे त्या तांड्यातले पहिले. पुण्याच्या एका संस्थेची बी.ए.च्या मुलांसाठी फेलोशिप होती. दोन वर्षं आपापल्या विषयावर खरंखुरं संशोधन करायचं, शेवटी पुण्याला समितीसमोर मांडायचं, आणि निवड झाली तर एम.ए.पासून पीएच.डी.पर्यंतची वाट मोकळी. सरांनी खटपट करून ती आमच्या कॉलेजात आणली. माझे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. ते म्हणाले, "बी.ए.च्या पोरींना कसलं आलंय संशोधन? आधी तलाठ्याचा फॉर्म भर." मी फॉर्म भरला, आणि फेलोशिपही घेतली. पहिल्याच बैठकीत सर म्हणाले होते, "पीएच.डी. म्हणजे दुसऱ्याच्या घरात पाच वर्षं राहणं. चप्पल कुठे काढायची ते आत्ताच शिका." आम्ही हसलो. त्यांचा एकच नियम होता. ज्याने सांगितलं, त्याला लिहिलेलं परत नेऊन वाचून दाखवायचं. तो 'थांब' म्हणाला की थांबायचं, आणि त्याला नको असेल ते त्याच्यासमोर खोडायचं. त्याशिवाय मार्गदर्शकाची सही नाही.

माझा विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. सरांनीच मला त्यांच्या शेजारच्या तांड्यातल्या सोनीबाईकडे नेलं. हे तिचं खरं नाव नाही, पण ते निवडलं तिनेच. सर तिला याडी म्हणायचे, म्हणजे आई. मी मावशी म्हणायला लागले. दीड वर्ष मी तिच्याकडे जात होते. सुरुवातीला ती मला नुसती बघायची, मग कामाला लावायला लागली आणि काम करता करता बोलायला लागली. एकदा तूर पाखडताना, आम्ही दोघीच असताना, तिने मला एका हंगामातली गोष्ट सांगितली. उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, तिच्याबाबतीत काय घडलं होतं ते. सांगताना तिचा हात एकदाही थांबला नाही. मी त्या संध्याकाळी घरी येऊन वहीत अडीच पानं एकटाकी लिहिली. इतकं चांगलं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं, आणि ते मला लिहितानाच कळत होतं.

वाचून दाखवायचं मी टाळत गेले. जत्रा आहे, पेरणी आहे, परीक्षा आहे... पुण्याला जायच्या आठवडाभर आधी सरांनी मला स्कूटरवर बसवलं आणि थेट तांड्यावर नेलं. ते ओसरीच्या टोकाला, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसले. मी वाचत गेले. सोनीबाई मध्येच हसत होती, एका ठिकाणी तिने माझी चूकही काढली. मग ती पानं आली. दोन ओळी झाल्या आणि तिचा हात वर गेला.

"थांब. हे नोको."

"नाव बदललंय मावशी. गावही."

"नाव बदलशीन वो पोरी. पन त्या वर्सी आमच्यातून नवराबायकोच्या किती जोड्या तोडीले गेलत्या, सगळ्याइले ठाऊक हाये. थो मानूस आजबी समोरच्या घरात राह्यते. माही लेक त्याच्याच दारापासून पानी आनते."

मी सरांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. मी पेन काढला, पण खोडलं नाही. घरी जाऊन नीट खोडते म्हणाले.

परतताना आर्णी रोडवर सरांनी स्कूटर बाजूला घेतली. "इथंच खोड," म्हणाले. मी रडकुंडीला आले होते. "सर, ही अडीच पानं काढली तर माझ्या कामात उरतं काय? दोन वर्षं घातलीत मी." सर वर्गात शुद्ध पुस्तकी बोलायचे, संतापले की वऱ्हाडीवर यायचे. "तुह्यं काय होतं त्याच्यात?" ते म्हणाले. "भोगलं तिनं, सांगतलं तिनं. तू फक्त लिहून राह्यली." मी म्हटलं, माझी पीएच.डी. जाईल. "जाऊ दे." इतकंच. अंगावर धूळ उडवत ट्रक जात होते आणि मी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून एकेक ओळ खोडली. त्या दिवशी मला हा माणूस नकोसा झाला, हे लपवत नाही.

पुण्याला समितीतल्या एका बाईंनी नेमकं बोट ठेवलं. "इथे काहीतरी गाळल्यासारखं वाटतंय." मागच्या रांगेतून सर उठून उभे राहिले. वाटलं, आता ते समजावून सांगतील, माझी बाजू घेतील. "हो, गाळलंय," ते म्हणाले, आणि बसले. मनीषची निवड झाली, माझी नाही. यवतमाळला येईपर्यंत मी सरांशी एक शब्द बोलले नाही. ते शेजारच्या सीटवर बसून संत्री सोलत होते, अर्ध्या फोडी माझ्यापुढे धरत होते. मी घेतल्या नाहीत.

पुढच्याच रविवारी त्यांचा निरोप आला. लोहारा भागातल्या माझ्या घरी सकाळी सातला ये. गेले नसते, पण वडिलांनी तलाठ्याच्या क्लासची चौकशी सुरू केली होती... वर्षभर दर रविवारी सरांनी माझी प्रवेशपरीक्षेची तयारी घेतली. निबंध चार चार वेळा लिहून घेतले. वाईट वाटलं असं ते एकदाही म्हणाले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. हैदराबादला एम.ए. झालं, पीएच.डी. सुरू झाली, ती त्या रविवारांमुळे. आणि तिथे पोचल्यावर मी काय केलं? जुन्या वहीतली ती अडीच पानं काढून तिसऱ्या प्रकरणात घातली. माझ्या तिथल्या मार्गदर्शक म्हणाल्या, हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा. सरांना प्रकरण का पाठवलं, मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक त्यांनी शाबासकी द्यावी अशी आशा होती.

महिन्याभराने कॉलेजात झालेल्या शोकसभेत सगळे बोलले. मला नाव पुकारून बोलावलं तरी मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने तांड्यावर गेले. सोनीबाई थकलीय, पण ओळखलं तिने. प्रकरण पिशवीत होतं. ते न वाचता परत यावं असं निदान दहा वेळा वाटलं. शेवटी वाचायला घेतलं. त्याच ओळीला हात वर गेला.

"हे तं तवाच खोडलं होतं न? मंग परत कसं आलं?"

"मीच आणलं, मावशी."

आणि मी, इतकं होऊनही, विचारलं, "तू गेल्यावर लिहिलं तर चालेल?"

"मी गेल्यावर बी माही लेक हाये न."

मी पेन काढला. तिला वाचता येत नाही, तरी शेवटची ओळ खोडेपर्यंत तिने कागदावरून नजर हलवली नाही. मार्गदर्शकांना काय सांगणार, प्रबंधाचं काय होणार, मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

"सर असते तं आली असती का तू?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांच्याशी भांडत बसले असते."

"हं," म्हणून ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि चहा ठेवायला आत गेली. फोन आल्यापासून महिनाभर मला एकदाही रडू आलं नव्हतं. ते तिथे ओसरीवर आलं. भांडायला आता कुणी नव्हतं, आणि बरोबर तर तेच होते.