कॅलेंडरवरची म्हातारी

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही लखनौला चारबागजवळ रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. यांना कामावर एका परदेशी कंपनीनं कॅलेंडर दिलं होतं. बाराही पानांवर इटलीतल्या एकाच जुन्या चित्रकाराची चित्रं. तो म्हणे बड्या लोकांचे चेहरे काढून पोट भरायचा आणि मधूनच त्यांच्या पुराणातल्या देवदेवता काढायचा. ते मी स्वयंपाकघराच्या दाराशी लावलं आणि त्यावर लाल पेन्सिलीनं चतुर्थी-एकादशी लिहू लागले.

मार्चचं चित्र मला मेलं आवडलंच नव्हतं. पंख असलेला म्हातारा बोट दाखवतोय आणि सुरकुतलेली म्हातारी तरण्या मुलीच्या तोंडाकडे हात नेतेय. त्याच महिन्यात सासूबाई गावाहून मोतीबिंदू काढायला आल्या. एका डोळ्याचं झालं. पट्टी बांधून त्या आतल्या खोलीत पडल्या होत्या. कामवाली चित्र बघून म्हणाली, "हाय भाभीजी, ये तो आपकी माताजी हैं! बहू का मुँह नोचने आई हैं!"

मी तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच.

पट्टी सुटली आणि रोज सकाळी कॅलेंडरचं पान उलटलेलं दिसू लागलं. मी मार्च लावावा, की पुन्हा एप्रिल. सासूबाईंचंच काम. वाटलं, चौथी शिकलेल्या सुनेची एकादशी चुकावी म्हणून करतात. मग वाटलं, त्या दिवशीचं ऐकलं असेल का? विचारायची छाती होईना. त्या बोलायच्या नीट, पण मी दिलेला चहा आधी हुंगायच्या.

रविवारी यांना म्हणाल्या, "माझं तिकीट काढ."

"का गं आई? दुसरा डोळा राहिलाय ना?"

"राहू दे आंधळा. मी कुणाचं तोंड ओरबाडायला आलेली नाही."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांनी यांना दंडाला धरून कॅलेंडरपाशी नेलं. "बघ, तुझ्या बायकोनं मला भिंतीवर टांगलंय."

हे हसले. "अगं, ही कुणीच नाही. तो म्हातारा म्हणजे काळ, ही म्हातारपण, ती पोर म्हणजे रूप. काळ हुकूम करतोय, जा, तिचं रूप मोड. खाली लिहिलंय तसं."

सासूबाई नव्या डोळ्यानं कितीतरी वेळ चित्र बघत राहिल्या.

"म्हणजे त्यानं धाडलंय होय तिला. आपल्या मनानं नाही आली ती."

"मी हसले होते," मी कसंबसं म्हणाले.

"ऐकलं मी. पट्टी डोळ्यावर होती, कानावर नाही."

तिकीट काही काढलं नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख मी एप्रिलच्या पानावर लाल पेन्सिलीनं लिहिली आणि मार्च पुन्हा लावला. तो कुणी उलटला नाही. चहा मात्र त्या हुंगूनच प्यायच्या.