मस्कतमार्गे

माझं पहिलं क्रेडिट कार्ड आईमुळे आलं. अनोळखी नंबरवरून आलेला फोन आई कधीच कापत नाही. धुळ्याच्या घरी ती पिठाचे हात तसेच घेऊन येते, फोन कानाला लावते आणि काही न बोलता क्षणभर नुसती ऐकत राहते. समोरून कर्ज, विमा, प्लॉट असं काही सुरू झालं की तिचे खांदे उतरतात. तरी ती फोन ठेवत नाही, बोलणाऱ्याला शेवटपर्यंत बोलू देते. अशाच एकाचं सगळं ऐकून घेऊन एकदा तिने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "बिचारा केव्हाचा बोलतोय. घे ना त्याच्याकडून काहीतरी."

ती कोणाच्या फोनची वाट बघते हे मला माहीत होतं. आम्ही दोघींनी ते कधी उच्चारलं नाही, एवढंच.

माझा मोठा भाऊ, दादा, आयटीआय करून वायरमन झाला आणि एका एजंटामार्फत मस्कतला गेला. तेव्हा मी शाळेत होते. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. मग एका शुक्रवारी आला नाही, पुढच्याही आला नाही. बाबांनी खूप हात-पाय मारले. शेवटी एवढंच कळलं, की त्याचं काम संपलं होतं आणि तो आपली बॅग घेऊन, कोणाशी भांडण-तंटा न करता, राहत्या खोलीतून निघून गेला होता. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तो मेल्याचा निरोप आला नाही, जिवंत असल्याचाही नाही. बाबा गेले तेव्हा अग्नी मी दिला.

बाबांच्या मागे एकदा आमच्या गल्लीतले चाचा दुबईहून परत आले. येताना त्यांचं विमान मस्कतला थांबलं होतं. ते थेट आईकडे आले आणि म्हणाले, "भाभी, तुमचा पोरगा दिसला. विमानतळावर. म्हाताऱ्या माणसांना चाकाच्या खुर्चीवरून नेतात ना, त्या लोकांत होता. मी हाक मारली. त्याने पाहिलं, आणि खुर्ची तिथेच सोडून चालता झाला."

चाचांची नजर अधू झालेली होती. मी आईला तसं म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि चहाचे कप उचलून आत गेली.

पुढे मी जळगावला कॉलेजात शिकवायला लागले, लग्न झालं, घर झालं. त्या कार्डाच्या पॉइंटांवरून विमानाची तिकिटं मिळतात हे मला आमच्या स्टाफरूममध्ये कळलं. एक सहकारी पॉइंटांवर सिंगापूरला जाऊन आला होता आणि महिनाभर तेच सांगत होता. मग मलाही नाद लागला. नणंदेचा फ्रीज, कॉलेजच्या प्रयोगशाळेची काचेची भांडी, चुलत दिराच्या ठिबकच्या नळ्या, जे कोणी काही घेईल ते माझ्या कार्डावरून घ्यायचं आणि पैसे मला लगेच मोबाइलवरून पाठवायचे. सोन्यावर मात्र माझ्या कार्डाला पॉइंट मिळत नव्हते, आणि जळगावात राहून हे दुःख थोडंथोडकं नाही. नवरा हसायचा. "तुला रस्त्यात कोणी खरेदी करताना दिसलं की थांबवशील," म्हणायचा.

पुरेसे पॉइंट जमल्यावर मी ठरवलं, आईला थायलंडला न्यायचं. आम्ही बौद्ध. तिकडच्या मोठमोठ्या बुद्धमूर्ती तिने विहारातल्या कॅलेंडरवर पाहिलेल्या होत्या. आपण तिथे उभं राहू असं तिला वाटलंही नसेल. पासपोर्ट काढला तेव्हा ती पोलिसाला चहा देताना लाजत होती.

पॉइंटांवरची तिकिटं आपल्या सोयीची नसतात. सरळ जाणाऱ्या विमानात जागा होती, पण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची. सुट्टीत मिळत होती ती एकच वाट. मुंबईहून मस्कत, तिथे जवळजवळ अख्खा दिवस बसून राहायचं, मग संध्याकाळी बँकॉक. मी धुळ्याला गेले तेव्हा ती वाट तिला सांगायचं टाळत होते. पण मोबाइलचा पडदा तिच्यासमोरच होता आणि तिला वाचता येतं.

"हीच घे," ती म्हणाली.

"आई, दिवसभर बसावं लागेल."

"बसू. आणि ऐक, माझ्यासाठी ती चाकाची खुर्ची मिळते का बघ."

रोज पाण्याच्या बादल्या जिन्यावरून गच्चीवर नेणारी बाई. मी तिच्याकडे बघितलं, तर ती गहू निवडत होती. खुर्ची फुकट मिळत होती. मी नोंदवली.

तिने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आणि सगळं एका स्टीलच्या डब्यात भरलं. मुंबईच्या विमानतळावर खुर्चीत बसताना तिने पांढऱ्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. विमानात तिने ढगांकडेही फारसं पाहिलं नाही.

मस्कतला विमानाच्या दाराशी एक तरुण नेपाळी खुर्ची घेऊन उभा होता. आईने मान वळवून त्याचा चेहरा नीट पाहिला आणि मग बसली. कार्डावर लाउंज फुकट होतं. गुबगुबीत सोफे, हवं ते खाणं, मोठी काच. काचेबाहेर धावपट्टीपलीकडे उघडेबोडके डोंगर दिसत होते. "आपल्या लळिंगच्या डोंगरांसारखे आहेत," आई म्हणाली. तिने अर्धा कप चहा घेतला आणि उठली. "इथे कोण येणार? चल, जिथे त्या खुर्च्या ठेवतात तिथे बसू."

एका लांबलचक दालनाच्या कोपऱ्यात रिकाम्या खुर्च्यांची रांग होती. तिथे समोरच्या बाकावर ती बसली. खुर्च्या नेणारे यायचे, जायचे. बंगाली होते, केरळचे होते, आफ्रिकेतले होते. प्रत्येकाकडे ती अशी निरखून बघायची की मला अवघडल्यासारखं व्हायचं. एकदोघांनी "अम्मा, कुठे जायचंय?" म्हणून हिंदीत विचारलं. तिने त्यांना दशम्या दिल्या. त्यांनी उभ्या उभ्या खाल्ल्या.

दुपारी मी न राहवून म्हणाले, "चाचांसारखी हाक मारून बघायची का? नाहीतर त्यांच्या साहेबाला विचारू, नाव सांगू."

आईने माझं मनगट धरलं. "हाक मारली म्हणून तर गेला तो. तू काही बोलू नकोस."

तेव्हा मला कळलं, की चाचा येऊन गेल्यापासून इतकी वर्षं तिने एवढाच विचार केला होता. तो परत दिसला तर आपण काय करायचं नाही. मला भीती वाटली. तिची नाही, आणि कशाची ते सांगता येत नाही. आता मीही माणसांच्या चेहऱ्यांकडे बघायला लागले होते. प्रत्येक चेहऱ्यात थोडा थोडा दादा दिसत होता. कोणाची हनुवटी, कोणाचे खांदे.

संध्याकाळ व्हायला आली. आमच्या विमानाची वेळ जवळ आली म्हणून आई एका खुर्चीत जाऊन बसली. मी काउंटरवर सांगून आले. आम्ही दालनाकडे तोंड करून थांबलो होतो. मागून कोणीतरी आलं. त्याने घसा खाकरला आणि खुर्चीच्या दांड्या धरल्या.

दिवसभर मागे वळून वळून बघणारी आई या वेळी वळली नाही. तिची पाठ ताठ झाली आणि तिने समोर बघायला सुरुवात केली.

मी पाहिलं. पंचेचाळिशीचा, काटकुळा माणूस. केस पिकलेले, तोंडावर मास्क. छातीवरच्या बिल्ल्यावर इंग्रजी-अरबीत काहीतरी नाव होतं, आमच्यातलं नव्हतं. तो माझ्याकडे न बघता खुर्ची ढकलू लागला.

आणि आई बोलायला लागली. माझ्याशी ती शहरातली मराठी बोलते, पण तेव्हा ती अहिराणीत बोलत होती, जशी ती बाबांशी बोलायची. समोर बघून, हळू, कोणाचं नाव न घेता. बाबा गेले हे सांगितलं. त्रास न होता गेले, सांगितलं. पोरगी कॉलेजात शिकवते, जावई चांगला आहे. गल्लीत आता रस्ता सिमेंटचा झाला. मागची भिंत पडली होती ती बांधून घेतली. घर, गल्ली, सगळं जागच्या जागीच आहे. "घर तठेच शे," ती म्हणाली. "बठ्ठा तठेच शे. कोणी काही म्हणणार नही."

दुकानांचा झगमगाट दोन्ही बाजूंनी मागे जात होता. चाकांचा आवाज येत होता. मी त्यांच्या बाजूने चालत होते आणि मला वाटत होतं, विचारावं, आत्ताच विचारावं, तू कोण? त्या माणसाने एकदाही "अम्मा, काय म्हणताय?" असं विचारलं नाही. दुसऱ्या कोणीही विचारलं असतं. किंवा त्याला रोज अशी पुटपुटणारी म्हातारी माणसं न्यायची सवय असेल.

गेटपाशी त्याने खुर्चीचा ब्रेक लावला. आईने मांडीवरचा डबा उचलला आणि मान न वळवता, खांद्यावरून मागे धरला.

"जेवना का रे?" जेवलास का, एवढंच तिने विचारलं.

तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने डबा घेतला. माझ्याकडे एकदा पाहिलं. फक्त डोळे दिसले. आणि तो गेला. पळाला नाही, घाई केली नाही. गर्दीत मिसळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते. आई बघत नव्हती.

बँकॉकला ती मजेत होती. निजलेल्या बुद्धाच्या पावलांशी ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. हॉटेलातल्या फुकटच्या नाश्त्याला तिने फणसासारखं काहीतरी खाल्लं आणि नाक मुरडलं. परतीचं तिकीट दुसऱ्या वाटेचं मिळालं होतं, त्याबद्दल ती काहीच बोलली नाही. मी मात्र हॉटेलच्या गालिच्यावरून कोणी सामानाची गाडी नेली तरी दचकत होते. अजून दचकते. जळगावच्या दवाखान्यात, मॉलमध्ये, कुठेही मागून चाकं वाजली की माझे पाय थांबतात, आणि मी लगेच वळत नाही.

या उन्हाळ्यात धुळ्याच्या गच्चीवर आम्ही ज्वारीचे बिबडे वाळत घालत होतो. मी तिला सरळ विचारलं. "आई, तो दादा होता का?"

तिने हातातला बिबडा कापडावर पसरला, कडा नीट केल्या.

"मला काय माहीत? मी वळलेच नाही."

"का नाही वळलीस?"

"वळले असते तर कळलं असतं." थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघितलं. "तू पाहिलंस ना त्याला?"

"हो."

"मंग माले सांगू नको," ती म्हणाली, आणि पुढचा बिबडा घ्यायला वाकली.

मी सांगितलं नाही. तिला वाटतं, मला माहीत आहे आणि मी तिच्यासाठी ते जपून ठेवलंय. त्यावर ती शांत आहे. खरं असं, की मास्कच्या वरचे ते डोळे मी नीट पाहिले, अगदी समोरून पाहिले, आणि माझ्या भावाचे डोळे कसे होते ते मला आठवलं नाही.